प्रार्थना चालू असताना कुणी हलायचं नाही

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लॅथमव्हिल गावी, काळ्यांच्या लिटल हेब्रॉन चर्चमध्ये ओझेला क्वॉर्ल्सला न घाबरणारा माणूस शोधून सापडला नसता. पाद्री पर्विस देवाला घाबरत असतील, पण प्रवचन लांबलं की त्यांचीही नजर आधी दाराकडे जायची. दारात ही बाई उभी. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, भरल्या अंगाची, कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, आणि काल तुम्ही काय काय दिवे लावलेत ते सगळं ठाऊक असल्यासारखा चेहरा.

ती तिथल्या अशर बायकांची प्रमुख. आलेल्याला जागा दाखवायची, उकाड्यात पुठ्ठ्याचे पंखे वाटायचे, भजनाच्या भरात एखादीचं भान हरपलं तर तिला सावरून बसवायचं, ही अशरची कामं. आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता. हाताच्या खुणा ठरलेल्या. डावा हात पाठीवर मूठ करून ठेवला की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं. पंजा उघडला की बसून राहायचं. बोटं दाखवली की तेवढ्या जागा रिकाम्या. तीनशे माणसांचा तो कारभार ओझेला एकतीस वर्षं दोन हातांवर चालवत होती.

आणि तिचा एक नियम काळ्या दगडावरची रेघ होता. प्रार्थना चालू असताना कुणी हलायचं नाही. आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. एकदा म्हणे एका बाईला बाकावरच कळा सुरू झाल्या, तरी ओझेलानं तिला 'आमेन' होईपर्यंत दारात थोपवून धरलं. कुणी विचारलं तर ओझेला शांतपणे म्हणायची, "पहिलटकरीण होती. वेळ होता."

एलिस टेटम तिला नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखत होता, म्हणजे त्या वयापासून तिला टाळत होता. चर्चमध्ये च्युइंगगम चघळताना तिनं त्याला पकडलं होतं. काही बोलली नाही. पांढरा हातमोजा घातलेला तळवा त्याच्या तोंडासमोर धरला आणि त्यानं त्यात गम टाकेपर्यंत तशीच उभी राहिली. सगळं चर्च मागं वळून बघत होतं. पुढं एलिस कोरियाच्या लढाईत गेला, गोळ्या झेलून आला, कागदाच्या गिरणीत रोलरवर लागला, चौतीस वर्षांचा झाला. पण तो तळवा आठवला की अजून त्याचे कान गरम व्हायचे.

एलिस आता साधा गिरणी कामगार राहिला नव्हता. वर्षभरापूर्वी पांढऱ्या बुरख्यांतल्या गोऱ्यांची टोळी काळ्यांच्या वस्तीतून मोटारी घेऊन फिरली, दोन घरांच्या खिडक्या फोडून गेली आणि शेरीफच्या माणसांनी पुढं राहून तिला वाट दाखवली, तेव्हा गिरणीतल्या बारा जणांनी बंदुका काढल्या. लष्करात शिकलेलं होतंच. वस्तीच्या तोंडाशी पाळ्या लावून पहारा सुरू केला. लोक त्यांना राखणदार म्हणू लागले आणि एलिस झाला त्यांचा म्होरक्या. उत्तरेकडून मतदार नोंदणीसाठी आलेली कॉलेजची पोरं त्याला समजवायची, की हात उगारायचा नाही, मार खायचा, जगाला लाज वाटेल असा खायचा. एलिस ऐकून घ्यायचा. म्हणायचा, "बाळांनो, तुमची हिंमत मोठी. तुम्ही मार खा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या गल्लीत ट्रक शिरला तर त्याला लाज वाटेपर्यंत थांबायला मला सवड नाही." आणि खोटं कशाला बोला, त्या बारा बंदुका उभ्या राहिल्यापासून वस्तीत एकही मोटार शिरली नव्हती.

शिरली ती पासष्ट सालच्या जूनमधल्या त्या शुक्रवारी, आणि नेमकी एलिसच्या धाकट्या भावाच्या घरावर. ज्युनियस टेटमचं घर वस्तीपासून थोडं लांब, पहाऱ्याच्या टापूबाहेर. त्याचा गुन्हा एवढाच, की नोंदणी कचेरीत तो म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आपल्या गाडीतून नेऊन सोडायचा. दिवेलागणीला ट्रक आला आणि ओसरीवर गोळ्यांचा सडा पडला. ज्युनियसनं बायको-पोरींना जमिनीवर पाडलं, आजोबांची शिकारीची बंदूक काढली आणि खिडकीतून एकच बार टाकला. तो ट्रकमधल्या एकाच्या खांद्यात बसला. माणूस जगला, पण नशीब बघा, तो निघाला शेरीफचा मेव्हणा.

शनिवारी सकाळी ज्युनियसच्या नावानं पकड वॉरंट निघालं. ट्रकवाल्यांच्या नावानं निघणार नव्हतंच. ज्युनियस तोवर एका ओळखीच्याच्या कोठारात दडला होता. आता सगळी गोष्ट एका तुरुंगावर येऊन अडली होती. लॅथम परगण्याच्या तुरुंगात गेलेला काळा माणूस सकाळी गळफास घेतलेला सापडायचा. तीन वर्षांत तिघे. त्यातल्या एकाचे दोन्ही हात मोडलेले होते, तरी म्हणे त्यानं स्वतःच फास घेतला. ज्युनियस त्या दारातून आत गेला तर चालत बाहेर येणार नाही, हे एलिसला लख्ख दिसत होतं.

एक वाट मात्र होती. न्यू ऑर्लिन्सच्या वकिलानं वॉशिंग्टन सरकारच्या न्यायाधीशाकडून हुकूम मिळवला होता. त्या सरकारचे पोलीस, म्हणजे मार्शल, येऊन ज्युनियसला ताब्यात घेतील, परगण्याबाहेर नेतील आणि खटला तिकडं चालेल. ते रविवारी दुपारी एक वाजता येणार. कुठं? तर चर्चमध्ये, तीनशे साक्षीदारांसमोर. अडचण एकच, की गावच्या टेलिफोनवर बोललेलं शेरीफला पोचायला पाच मिनिटं लागत नसत. म्हणजे त्याची माणसं एकच्या आधी येणार, हे धरूनच चालायचं.

शनिवारी दुपारी एलिस ओझेलाच्या घरी गेला. गेला कसला, पाद्री पर्विसनी पाठवला. पाद्री म्हणाले होते, "चर्चमध्ये बंदुका न्यायच्या की नाही ते मी काय सांगू? दार तिचं आहे. तिला विचार."

ओझेला घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस करायची. शनिवार म्हणजे तिचा कामाचा दिवस. खुर्चीत एक बाई कान धरून बसलेली, शेगडीवर केस सरळ करायची लोखंडी फणी तापत होती, खोलीभर केसांचा आणि तेलाचा करपट वास. सगळं गिऱ्हाईक काळं, जागा स्वतःची, त्यामुळं तिचं पोट कुणा गोऱ्याच्या हातात नव्हतं. मतदार यादीत नाव घालायला गावातून पहिली गेली ती हीच. नाव घालण्याआधी काळ्यांची परीक्षा घेणाऱ्या कारकुनानं तिला तीनदा नापास केलं, ती चौथ्यांदा गेली, आणि शेवटी त्यानंच कंटाळून नाव लिहून घेतलं.

एलिसनं टोपी काढली. "मिस ओझेला, जरा खासगी होतं."

"सोफी, मागच्या अंगणात जाऊन बस," ओझेलानं खुर्चीतल्या बाईला सांगितलं. अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे, अशा अवतारात ती बिचारी मुकाट्यानं उठून गेली. "बोल. आणि उभा राहून बोलू नकोस, माझी मान दुखते."

एलिसनं सगळं सांगितलं. बारा जण बंदुका घेऊन चर्चला वेढा देतील, शेरीफची माणसं दिसली की तो शिट्टी वाजवील.

"शिट्टी," ओझेला म्हणाली. "चर्चमध्ये. म्हणजे आता हाळीच द्यायची बाकी राहिली."

"मग तुम्हीच सांगा ना!"

"सांगते. आवाज चढवू नकोस. तू बाहेर बारा जण उभे केलेस की ते गाडीतूनच गोळ्या घालतील, आणि उद्याच्या पेपरात येईल की काळ्यांनी पोलिसांवर हल्ला केला. तुझी माणसं आत पाहिजेत. गायकांच्या ओट्यावर. गायकांचे झगे अंगात घालून."

गायकांचा ओटा पाद्र्यांच्या मागं, उंचावर, आणि तोंड सरळ दाराकडं. पायघोळ तांबड्या झग्यात बंदूक काय, आख्खी तोफ मावली असती. "पण मिस ओझेला, आमच्यातल्या निम्म्यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही."

"नुसते ओठ हलवा. रस्कोबाबा वीस वर्षं तेच करतोय." तिनं फणी कपड्यावर पुसली. "आता नीट ऐक. शेरीफची माणसं आली की प्रार्थना सुरू करायची. सगळ्यांनी गुडघ्यावर बसायचं, लहानथोर, पाद्रीसुद्धा. डोकी बाकांच्या खाली. आणि मार्शल येईपर्यंत प्रार्थना थांबवायची नाही. प्रार्थना चालू असताना माझ्या दारातून कुणी आत येत नाही."

"ते शेरीफचे लोक आहेत. ते कशाला ऐकतील?"

"ते पण आपल्यासारखे बाप्टिस्ट पंथाचेच आहेत रे. त्यांच्या आयांनी त्यांना हेच शिकवलंय. हॅट काढली तर ऐकतील."

"आणि नाही काढली तर?"

"तर तुझे बारा जण आहेत की. पण आपल्याकडून पहिला बार निघाला तर त्या चर्चचं ते काय करतील ते तुलाही ठाऊक आहे. म्हणून मी सांगितल्याशिवाय कुणी बोटही हलवायचं नाही. माझा डावा हात पाठीवर असेल. मूठ म्हणजे थांबा. मी डावा हातमोजा काढला, पुरता काढला, की मग तुमचं तुम्ही बघा."

एलिसच्या ते घशाखाली उतरेना. बारा लढवय्ये, आणि हुकूम कुणाचा, तर पंखे वाटणाऱ्या बाईचा! तो जरा फटकूनच म्हणाला, "मिस ओझेला, राग मानू नका, पण हे तुमचं काम नाही. तुम्ही कधी माणसावर बंदूक चालताना बघितली नसेल."

ओझेलानं फणी खाली ठेवली. "सत्तावीस साली मी वीस वर्षांची होते. नुकताच हातमोजा मिळाला होता, दारावर उभी राहायला लागले होते. माझा भाऊ लूशस तिसऱ्या बाकावर बसला होता. तेव्हाचा शेरीफ दारात आला. भला माणूस वाटला. म्हणाला, दोन प्रश्न विचारायचेत, लगेच सोडतो. दार उघडणं माझं काम, मी उघडलं. आणि बोटानं बाकही दाखवला." तिनं शेगडी मंद केली. "पुलावरचा दोर कापून त्याला उतरवायला गेले तेव्हा मीही गेले होते. बघितलंय मी पुष्कळ."

गावात चाळीस वर्षं कुणी ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती. ती दर रविवारी त्याच दारात उभी राहते, हे त्यानं आजवर रोजचंच धरलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुमच्या खुणेवर."

"आणि झगे इस्त्री करून घाला. गबाळे दिसलात तर त्यांना तिथंच संशय येईल. सोफी, ये गं आत!"

रविवारी अकराला चर्च भरलं. ज्युनियस पहाटेच मागच्या दारानं आत आला होता. पहिल्या बाकावर दोन जाडजूड म्हाताऱ्यांच्या मध्ये त्याला बसवला होता, नुसतं नाक दिसत होतं. एलिस धरून बाराही राखणदार ओट्यावर. झग्याच्या आत घामाच्या धारा. पहिलं भजन झालं तेव्हा ते बारा जण असे काही ओठ हलवत होते, की खरे गायक हसू दाबता दाबता बेसूर झाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर तीन मोटारी थांबल्याचा आवाज आला. ओझेलाचा डावा हात पाठीवर गेला, मूठ वळली. पाद्री पर्विस स्पष्ट आवाजात म्हणाले, "बंधुभगिनींनो, गुडघ्यावर बसून प्रार्थना करू या."

तीनशे माणसं एका दमात खाली बसली. बाक कुरकुरले आणि मग सगळं शांत झालं. दाराची दोन्ही कवाडं ओझेलानं स्वतः उघडले आणि चौकटीच्या बरोबर मध्ये, आतल्या माणसांकडं पाठ करून, उभी राहिली.

शेरीफचा मुख्य हाताखालचा वेंडेल स्ट्राउड पाच माणसं घेऊन पायऱ्या चढून आला. उंच, लाल मानेचा, कमरेला पिस्तूल. तो बोलायला तोंड उघडणार, तोच ओझेलानं उजवा हात वर केला, पांढरा तळवा त्याच्या छातीसमोर धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "प्रार्थना चालू आहे."

स्ट्राउडनं आत बघितलं. तीनशे वाकलेल्या पाठी. कुठलं तरी जुनं काही त्याच्या हाडात जागं झालं असावं, कारण त्याचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि त्यानं हॅट काढली. मागच्या पाचांनीही काढल्या. झालं! हॅट काढली तिथंच ते तिच्या ताब्यात गेले. एलिसला कोरियातले लष्करी अधिकारी आठवले, छातीवर बिल्ले लावलेले. त्यातल्या एकालाही सहा हत्यारबंद माणसं अशी नुसत्या तळव्यावर थोपवता आली नसती.

प्रार्थना सुरू केली म्हाताऱ्या होझेया मिम्सनी. वय एक्याऐंशी. त्यांच्या लांबलचक प्रार्थनेला आख्खं गाव वैतागलेलं असायचं, जेवणं निवतात म्हणून बायका बोटं मोडायच्या. त्या दिवशी मात्र सगळे मनात म्हणत होते, चालू द्या काका, वाट्टेल तेवढं चालू द्या! होझेयाकाकांनी आदमपासून सुरुवात केली. नोहाच्या नावेतली जनावरं एकेक करून मोजली. इजिप्तमधून बाहेर पडायलाच त्यांना वीस मिनिटं लागली. मग गावातल्या आजाऱ्यांची नावं, मेलेल्यांची नावं, रेल्वेवर कामाला गेलेल्यांची नावं. मध्येच बाहेरचा एक तरुण शिपाई मान खाली घालून चक्क "आमेन" म्हणून गेला. स्ट्राउडनं त्याच्याकडं असं बघितलं, की बिचारा कानापर्यंत लाल झाला.

एकाचा दम संपला की श्वास घ्यायच्या आत दुसरा उचलायचा. होझेयाकाकांकडून पाद्र्यांनी घेतली, त्यांच्याकडून सोफीनं, सोफीकडून रस्कोबाबानं. एक वाजला. मार्शल आले नाहीत. सव्वा वाजला. रस्त्यावर धूळसुद्धा नाही. लोकांचे गुडघे सोलले होते, पोरं मुसमुसत होती, पण एकही डोकं वर आलं नाही. दारातली ती पांढरी पाठ तासाभरात तसूभर हलली नव्हती.

मग स्ट्राउडचा धीर सुटला. "ए आंटी, पुरे झालं. बाजूला हो."

"प्रार्थना चालू आहे, साहेब."

"तुमची प्रार्थना काय ख्रिसमसपर्यंत चालणार आहे का? टेटमला बाहेर काढ, नाहीतर मी आत येऊन फरफटत नेतो."

"आमेन झालं की या."

स्ट्राउडनं हॅट डोक्यावर चढवली. स्ट्राउडनं तिच्या खांद्याला धक्का दिला. ती अर्धं पाऊल मागं सरली आणि पुन्हा होती तिथं येऊन उभी राहिली. ओट्यावर एलिसच्या शेजारचा पोरगेला राखणदार पुटपुटला, "एलिस, अरे बघतोयस काय, घालू का?" एलिसनं त्याचं मनगट आवळून धरलं. तिची मूठ अजून वळलेली होती.

"शेवटचं सांगतोय, म्हातारे," स्ट्राउड म्हणाला आणि त्याचा हात पिस्तुलावर गेला.

तेव्हा ओझेलानं वर धरलेला उजवा हात खाली घेतला. दोन्ही हात पाठीमागं नेले. समोरून बघणाऱ्याला वाटावं, बाई हरली. ओट्यावरून मात्र स्वच्छ दिसलं. उजव्या हातानं तिनं डाव्या हातमोज्याची करंगळी चिमटीत धरली आणि ओढली. मग अनामिका. घाई नाही, कापरं नाही, घरी आल्यावर बाई हातमोजा काढते तसा. बारा हात झग्याच्या आत गेले. मधलं बोट सुटलं. रस्कोबाबाची प्रार्थना चालूच होती, आवाज रडवेला झाला होता, पण चालू होती. एलिसनं चाप चाचपला आणि मनात म्हणाला, देवा, ज्युनियसच्या पोरींना सांभाळ.

स्ट्राउडनं तिच्या डोक्यावरून आत नजर टाकली. तांबड्या झग्यातले बारा गायक, झग्यात घातलेले बारा हात, आणि त्याच्यावर रोखलेली बारा तोंडं. मूर्ख नव्हता तो. त्याच्या चेहऱ्याचा लाल रंग हळूहळू उतरला, पार पिठासारखा झाला. मग त्यानं ओझेलाकडं बघितलं. ती काय चेहऱ्यानं त्याच्याकडं बघत होती, ते आतल्या कुणाला दिसलं नाही. दिसलं ते फक्त त्याला. पिस्तुलावरचा हात त्यानं सावकाश बाजूला घेतला. एक पायरी उतरला. मग दुसरी.

ओझेलानं तिन्ही बोटं हातमोज्यात पुन्हा सारली, नीट बसवली आणि उजवा हात परत वर धरला.

दीडनंतर पाच मिनिटांनी मार्शल आले. दोन काळ्या मोटारी, चार माणसं, हातात न्यायाधीशाचा कागद. पुढचा झपाझप पायऱ्या चढून आला आणि आत घुसायला गेला. समोर पांढरा तळवा.

"प्रार्थना चालू आहे, साहेब."

"बाई, आम्ही अमेरिकेच्या सरकारचे..."

"असाल. आमेन होऊ द्या."

आणि शप्पथ सांगतो, तो थांबला! रस्कोबाबानं घाईघाईत आमेन म्हटलं, तीनशे तोंडांतून आमेन उमटलं, तेव्हा कुठं ओझेला बाजूला झाली आणि मान लववून त्यांना म्हणाली, "या. पहिला बाक, डावीकडं." ज्युनियस दोन म्हाताऱ्यांमधून उठला, मार्शलांच्या मधून चालत गेला, स्ट्राउडच्या डोळ्यांसमोरून मोटारीत बसला आणि परगण्याबाहेर गेला. पुढं आठ महिन्यांनी तिकडच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तो आज ओकलंडला बंदरावर कामाला आहे, पोरी मोठ्या झाल्यात. ते जाऊ दे.

चर्च रिकामं झालं. बायका रडत होत्या, हसत होत्या, होझेयाकाकांना खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं. राखणदार झगे काढून बाहेर पहाऱ्याला गेले. एलिस मागं राहिला. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, माफी मागायची होती, कशी मागतात ते सुचत नव्हतं. तो ओट्यावर होता त्याच जागी उभा राहिला. ओझेला तिकडं दारात वाकून पंखे गोळा करत होती. मग ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, चौकटीच्या बरोबर मध्ये.

आणि एलिसच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सगळी माणसं खाली, गुडघ्यावर. बारा बंदुका ओट्यावर, दारावर रोखलेल्या. त्याच्या नळीपासून दारापर्यंत सरळ रेघ, आणि त्या रेघेवर आख्ख्या चर्चमध्ये उभं असलेलं एकच माणूस होतं. त्यानं खिडक्या मोजल्या होत्या, मोटारी मोजल्या होत्या, गोळ्या मोजल्या होत्या. लष्करात शिकलेला म्होरक्या तो. आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

तो खाली उतरून तिच्यापाशी गेला.

"मिस ओझेला. तो हातमोजा पुरता निघाला असता तर?"

"तर तुम्ही बार टाकले असते. ठरलं होतं तसं."

"पण तुम्ही मध्ये होतात."

"मग कुठं असणार? बाजूला झाले असते तर ते आत आले असते."

"निदान खाली तरी..."

"हे गुडघे घेऊन? मला खाली बसायला दोन माणसं लागतात, एलिस." तिनं पंख्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. मग त्याच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज जरा मऊ झाला. "शनिवारी हे तुला सांगितलं असतं, तर तू ती खूण ठरवू दिली असतीस का?"

"नाही," एलिस म्हणाला. "कधीच नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं," ओझेला म्हणाली, आणि दार लावायला वळली.